मागे उरलेला खडक

यावल तालुक्यात तापीकडच्या पट्ट्यात बोअर घेताना काळा पाषाण सहसा लागत नाही. पिवळी माती, रेती, गोटे, मग चिकणमातीचा थर, पुन्हा रेती असे करत यंत्र शेकडो फूट खाली जाते आणि केळीला पाणी देणारी ट्यूबवेल त्या गाळातच संपते. तालुक्याच्या उत्तरेला मात्र सातपुडा उभा आहे. मनुदेवीच्या धबधब्यापाशी गेले की पाणी ज्या कड्यावरून पडते तो कडा काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, दिसतो. गाळाखालीही तोच बेसाल्ट आहे. तापीचे खोरे भ्रंशांच्या बाजूने खचले, म्हणून तो खोल गेला आणि त्यावर गाळ साचत राहिला. खानदेशातल्या माणसाच्या ओळखीची जमीन अशी दोन प्रकारची, गाळाची आणि पाषाणाची. हे पुस्तक तिसऱ्याच खडकाबद्दल आहे. तो या दोन्हींच्या खाली, सुमारे ४० किलोमीटर खोलीपासून सुरू होतो, आणि या सातपुड्याचा बेसाल्ट तशाच खडकातून वितळून निघालेला आहे.

इतक्या खोलीवरचे कळते ते लहरींमुळे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने सेंधव्यावरून खानदेशातील सिंदाडपर्यंत येणाऱ्या रेषेवर जमिनीत स्फोट घडवून त्यांच्या लहरी खोलातून कशा परततात हे मोजले. त्या संस्थेचे के. एल. कैला यांनी अशा मोजणीवरून दाखवले की नर्मदा-तापीच्या प्रदेशात बेसाल्टखाली त्याहून जुन्या अवसादी थरांचे एक खोरे दडलेले आहे. त्याच लहरी आणखी खाली गेल्या की एका सीमेपाशी त्यांचा वेग एकदम वाढतो आणि सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर होतो. क्रोएशियाचे आंद्रिया मोहोरोविचिच यांनी भूकंपाच्या नोंदींवरून ही सीमा १९०९ मध्ये ओळखली, म्हणून तिला मोहो म्हणतात. मोहोच्या वर कवच आहे आणि खाली प्रावरण. प्रावरणाच्या वरच्या भागातला खडक म्हणजे पेरिडोटाइट: हिरवट ऑलिव्हीन, दोन प्रकारचे पायरॉक्सीन आणि जेमतेम एकदोन टक्के स्पिनेल. क्रोमियम या धातूची पुढची सगळी गोष्ट या थोड्याशा स्पिनेलभोवती फिरते.

भूशास्त्राचे आपल्याकडचे बहुतेक लेखन लाव्ह्याबद्दल आहे, आणि ते साहजिकही आहे. दख्खनचा पठारी प्रदेश पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे, आपले किल्ले त्यावर उभे आहेत, लेणी आणि विहिरी त्यात खोदलेल्या आहेत. पण लाव्हा म्हणजे प्रावरणातून बाहेर गेलेला भाग. तो निघून गेल्यावर खाली जे उरले त्याचा विचार फार थोड्या ठिकाणी होतो. माझे म्हणणे असे आहे की खडकाचा जन्म समजून घ्यायचा तर उरलेल्या भागापासून सुरुवात करावी. किती वितळले, कोणत्या वाटेने गेले आणि वाटेत काय टाकून गेले, याची नोंद त्यातच राहते. क्रोमाइट, म्हणजे क्रोमियम भरपूर असलेल्या स्पिनेलचे खनिज, ही अशी वाटेत टाकलेली वस्तू आहे.

हा उरलेला खडक खानदेशाखाली हाती लागणार नाही. ४० किलोमीटर खोल बोअर कोणालाच घेता येत नाही. महासागरात मात्र कवच ६ ते ७ किलोमीटरच जाड असते, आणि जिथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात त्या पर्वतरांगांवर तर प्रावरण अगदी वर येते. अशा रांगा जगभरच्या महासागरांच्या तळाशी मिळून सुमारे ६५ हजार किलोमीटर पसरल्या आहेत. त्यांतली आपल्याला सगळ्यांत जवळची म्हणजे अरबी समुद्रातली कार्ल्सबर्ग रांग.

तिच्याशी आपले नाते नुसते शेजाराचे नाही. दख्खनचे लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी बाहेर पडले. त्यानंतर थोड्याच काळात, सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, भारताच्या पश्चिम कडेपासून सेशेल्सचा तुकडा सुटला आणि मधल्या फटीत कार्ल्सबर्ग रांग तयार झाली. सातपुड्यातले बेसाल्टचे थर आणि या रांगेचा जन्म एकाच उलथापालथीचे सलग टप्पे आहेत. विज्ञानाच्या इतिहासातही या रांगेला मोठे स्थान आहे. १९६२ साली ‘ओवेन’ या ब्रिटिश सर्वेक्षण जहाजाने तिच्यावरून चुंबकीय मोजणी केली, आणि त्या आकड्यांचा आधार घेऊन केंब्रिजचे फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये मांडले की समुद्रतळ रांगेपाशी नव्याने तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. भूपट्टांचा सिद्धान्त ज्या पुराव्यांवर उभा राहिला त्यांतला एक असा आपल्या समुद्रातून मिळालेला आहे. शाळेच्या पुस्तकात हे वाक्य असायला हवे असे मला फार वाटते.

आता मुख्य प्रक्रियेकडे. रांगेखाली प्रावरण वितळते म्हटले की वाचक खाली मोठी भट्टी पेटलेली कल्पितो. तशी भट्टी नसते. प्रावरण आधीच सुमारे १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असते, पण वरच्या खडकाचा दाब त्याला घन ठेवतो. भूपट्ट दूर सरकले की मधली जागा भरायला खालचे प्रावरण वर चढते. ते घनच असते आणि वर्षाला काही सेंटीमीटर इतक्या संथपणे सरकते. वर येताना दाब उतरतो, उष्णता मात्र फारशी बाहेर जात नाही. साधारण ६० ते ८० किलोमीटर खोलीवर दाब इतका कमी होतो की खडक वितळू लागतो. उष्णता न वाढवता, केवळ दाब उतरल्याने होणारे हे वितळणे आहे. दख्खनच्या वेळीही हेच घडले; फरक इतकाच की तिथले प्रावरण अधिक तापलेले होते आणि वर भारताचा जाड भूपट्ट होता.

खडक सगळा वितळत नाही. शंभर भागांतले दहा, फार तर वीस भाग द्रव होतात. त्यांत कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम असलेले पायरॉक्सीन आधी संपते. उरतो तो ऑलिव्हीन आणि दुसऱ्या प्रकारच्या पायरॉक्सीनचा खडक, हार्झबर्गाइट. क्रोमियम या वाटणीत बहुतेक मागेच राहते. मूळ प्रावरणाच्या एका टनात सुमारे अडीच किलो क्रोमियम असते, तर रांगेवर बाहेर पडणाऱ्या बेसाल्टच्या एका टनात जेमतेम तीनशे ग्रॅम. वितळणे जितके जास्त, तितके उरलेल्या स्पिनेलमधले ॲल्युमिनियम कमी होत जाते आणि क्रोमियमचे प्रमाण वाढते. हेन्री डिक आणि टी. बुलन यांनी १९८४ मध्ये हे प्रमाण वितळण्याचे माप म्हणून वापरून दाखवले. भिंगाखाली तांबूस-तपकिरी दिसणारा मोहरीएवढ्या कणातले हे प्रमाण मोजून त्या खडकातून किती द्रव निघून गेला असेल हे सांगता येते. या शास्त्रातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट ही आहे.

इथपर्यंतचे वर्णन वाचून क्रोमियमचे खनिज उरलेल्या हार्झबर्गाइटमध्येच मिळेल असे वाटते. मिळत नाही. मागे राहिलेले क्रोमियम सगळ्या खडकात विखुरलेले असते. खाणीत लागणारा दगड म्हणजे जवळजवळ निव्वळ क्रोमाइट, आणि तो गोळा व्हायला वेगळी घटना घडावी लागते. ती घटना वर जाणाऱ्या द्रवाच्या वाटेत घडते.

खोलवर तयार झालेला द्रव वर येतो तेव्हा वरच्या खडकाशी त्याचे जमत नाही. खोलीवरच्या दाबाखाली जे पायरॉक्सीन त्याच्याशी समतोल साधून होते, तेच कमी दाबाखाली द्रवात विरघळू लागते आणि त्याच्या जागी ऑलिव्हीन स्फटिकते. द्रव जिथून अधिक वाहतो तिथला खडक असा बदलत जाऊन निव्वळ ऑलिव्हीनचा होतो. त्याला ड्युनाइट म्हणतात. ड्युनाइटमधून द्रवाला वाट सोपी मिळते, म्हणून आणखी द्रव तिकडेच वळतो. ओमानच्या डोंगरांत पीटर केलेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ड्युनाइटच्या शिरा तपासून १९९५ मध्ये दाखवले की रांगेखालचा शिलारस कवचापर्यंत पोचण्याच्या या खऱ्या वाटा आहेत.

क्रोमाइटचे पट्टे जवळपास नेहमी याच ड्युनाइटच्या वेष्टनात सापडतात, बहुधा मोहोच्या थोडे खाली. कारण असे. साध्या स्थितीत शिलारसातून ऑलिव्हीन आणि क्रोमाइट बरोबरच स्फटिकतात, पण क्रोमाइट शेकडा एकदोन भागच. तेवढ्याने खनिज होत नाही. मात्र वाटेतले पायरॉक्सीन विरघळवून ज्या द्रवात सिलिका वाढली आहे, त्यात खालून नव्याने आलेला, सिलिका कमी असलेला द्रव मिसळला, तर ते मिश्रण काही काळ अशा स्थितीत जाते की त्यातून फक्त क्रोमाइट सुटते. १९७७ मध्ये टी. नील अर्विन यांनी कवचातल्या थरांच्या क्रोमाइटसाठी हा विचार मांडला. पुढे तो प्रावरणातल्या पट्ट्यांनाही लावला गेला. सातपुड्यातून सुटलेले नाले सपाटीला लागताच मोठे गोटे पायथ्याशीच टाकतात आणि बारीक गाळ तापीकडे नेतात. पाणी थांबत नाही, पण वेग बदललेल्या त्या एका जागी गोट्यांचा पट्टा तयार होतो. शिलारसही थांबत नाही. मिश्रण जिथे बदलते तिथे क्रोमाइट टाकतो आणि बाकीचे घेऊन वर जातो.

द्रव किती लागत असेल? एक टन चांगल्या क्रोमाइटमध्ये सुमारे पावणेचारशे किलो क्रोमियम असते. द्रवाच्या प्रत्येक टनातून शंभर ग्रॅम क्रोमियम सुटले असे धरले, तर एका टन खनिजासाठी पावणेचार हजार टन शिलारस त्या जागेवरून जायला हवा. खाणीत असे लाखो टन खनिज असते. या हिशेबामुळेच मी म्हणतो की क्रोमाइटचा पट्टा हा साठलेला द्रव नसून वाहून गेलेल्या द्रवाचा माग आहे. ज्या शिलारसाने ते खनिज आणून ठेवले त्याचा थेंबही आसपास उरलेला नसतो. तो केव्हाच वर जाऊन कवचाचा भाग झालेला असतो. खनिजातल्या गोट्यांसारख्या गाठी, त्यांच्यामधला ऑलिव्हीन, बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके, हे सगळे वाहत्या द्रवात स्फटिक वाढल्याचे पुरावे आहेत, आणि पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण मी त्यांनाच दिले आहे.

इथे एका मोठ्या वादाचे नाव घेतले पाहिजे. प्रावरणातले क्रोमाइटचे पट्टे रांगेखाली तयार होतात हे वर्णन अनेक वर्षे सरसकट केले गेले. पण जिथे मोठ्या खाणी आहेत, उदाहरणार्थ कझाकस्तानमधील केम्पिरसाई, तिथल्या खनिजातले क्रोमियम इतके जास्त आहे की रांगेवरच्या नेहमीच्या बेसाल्टशी त्याचा मेळ बसत नाही. त्याचा मेळ बसतो तो एक भूपट्ट दुसऱ्याखाली जाताना खोलवर पाणी सुटून अधिक वितळलेल्या प्रावरणाशी. म्हणून आज बहुतेक अभ्यासक मोठ्या, क्रोमियमने समृद्ध पट्ट्यांचे श्रेय अशा जागांना देतात, आणि ॲल्युमिनियम जास्त असलेल्या पट्ट्यांचे द्रव रांगेवरच्या बेसाल्टला जवळचे मानतात. रांगेखाली क्रोमाइट होतच नाही असे मात्र नव्हे. पूर्व पॅसिफिकमधील हेस डीप येथे समुद्रतळाच्या वेधनात हाती आलेल्या ड्युनाइटमध्ये शोजी अराई आणि के. मात्सुकागे यांना क्रोमाइटचा एक इवलासा पट्टा सापडला. खाणीच्या दृष्टीने तो काहीच नाही, शास्त्राच्या दृष्टीने निर्णायक आहे. रांगेचे यंत्र क्रोमाइट करते हे त्याने सिद्ध केले; मोठे पट्टे व्हायला पाण्याची आणि जास्त वितळण्याची जोड लागते, हे बाकीचे पुरावे सांगतात. मला ही मांडणी पटते आणि पुस्तकभर मी तीच धरली आहे.

समुद्राखालचा हा खडक हाताने चाचपता येतो अशा जागाही आहेत. महासागरी भूपट्टाचा एखादा तुकडा खंडाच्या कडेवर चढतो आणि प्रावरणापासून लाव्ह्यापर्यंतचा सगळा थर उघडा पडतो. अशा तुकड्याला ओफिओलाइट म्हणतात. ओमानचा तुकडा जगात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत नीट जपल्या गेलेल्या तुकड्यांपैकी आहे, सुमारे साडेनऊ कोटी वर्षांचा. मस्कतमध्ये नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबे ज्या तपकिरी, झाडे नसलेल्या डोंगरांमधून रोज ये-जा करतात, त्यांतले पुष्कळसे प्रावरणाचे आहेत. सुट्टीत घरी येणाऱ्या कोणी तिथला एखादा दगड आणला तर तो फोडून पाहावा: बाहेरचा तपकिरी थर गेल्यावर आत गडद हिरवा, सर्पेंटाइन या खनिजाने मऊ झालेला खडक दिसतो. भारतात असे तुकडे लडाखमध्ये, मणिपूर-नागालँडमध्ये आणि अंदमानात आहेत. अंदमानच्या रटलंड बेटावर प्रावरणाच्या खडकात क्रोमाइटही आहे.

महाराष्ट्रातले क्रोमाइट याहून वेगळ्या कुळाचे आहे. सिंधुदुर्गात कणकवलीजवळ वागदे आणि जानवलीच्या परिसरात, नागपूर जिल्ह्यात टाका येथे आणि भंडारा जिल्ह्यात पवनीकडे ते आढळते. दख्खनच्या पाषाणापेक्षा कितीतरी जुन्या, पुष्कळ रूप पालटलेल्या खडकांत ते आहे, आणि त्याच्याभोवती ओफिओलाइटचा पूर्ण क्रम नाही. ओडिशातील सुकिंदा, जिथे देशाच्या क्रोमाइट साठ्याचा नव्वद टक्क्यांहून मोठा हिस्सा आहे, तेही थरांच्या रूपातले अतिप्राचीन खनिज आहे. अर्विनचे मिश्रणाचे सूत्र तिथे लागू पडते, रांगेचे चित्र नाही. हा भेद मराठीतल्या माहितीपर लेखनात बहुधा पुसला जातो, म्हणून तो इथेच सांगितला.

सुकिंदाचे नाव आले की आणखी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. क्रोमाइटमधले क्रोमियम त्रिसंयुजी असते आणि त्या रूपात फारसे घातक नसते. खाणीत खडक फुटून हवा-पाण्याच्या संपर्कात आला की त्याचा काही भाग षट्संयुजी होतो, पाण्यात विरघळतो आणि माणसाला विषारी ठरतो. दमसाळ नाल्याच्या काठची गावे हे दीर्घकाळ सोसत आली आहेत. आपल्या घरातल्या स्टीलच्या भांड्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. ते कुठून आले हे शिकणाऱ्याने त्याची ही किंमतही शिकावी.

पुन्हा खानदेशाकडे वळू. दख्खनच्या शिलारसाने इथे क्रोमाइटची खाण दिलेली नाही. दख्खनच्या ज्या बेसाल्टमध्ये ऑलिव्हीन भरपूर आहे, जसा इगतपुरीच्या बाजूचा किंवा सौराष्ट्रातला, त्याच्या स्फटिकांत क्रोमियमयुक्त स्पिनेलचे सूक्ष्म कण अडकलेले सापडतात. म्हणजे तो शिलारसही क्रोमाइट टाकत वर आला. टाकले ते बहुतेक खोलवर राहिले असावे. आपल्या प्रदेशाखालच्या प्रावरणाचे प्रत्यक्ष तुकडे पाहायचे तर मुरूड-जंजिऱ्याला जावे. तिथल्या लॅम्प्रोफायर या अग्निज खडकाच्या शिरांनी खोलातून वेगाने वर येताना पेरिडोटाइटचे तुकडे तसेच उचलून आणले. गोवा विद्यापीठाचे ए. जी. देसाई यांनी त्यांवरून पश्चिम किनाऱ्याखालच्या तापमानाचा अंदाज बांधला. कच्छमध्ये भुजच्या आसपासही असे तुकडे मिळतात. यावलच्या वाचकाने किमान एकदा या दोहोंपैकी एक जागा पाहावी असा माझा आग्रह आहे. छायाचित्राने हा खडक समजत नाही.

प्रावरण गाठण्याचा मानवी प्रयत्न १९६१ मध्ये मोहोल प्रकल्पाने सुरू केला. मेक्सिकोजवळ ग्वादलुपे बेटापाशी समुद्रतळात १८३ मीटर खोल भोक पाडण्यापर्यंत तो गेला आणि १९६६ मध्ये बंद पडला. २०२३ मध्ये ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ या जहाजाने अटलांटिकमधील अटलांटिस मॅसिफ येथे, जिथे भ्रंशाने प्रावरण वर ओढले गेले आहे, १२६८ मीटरपर्यंत वेधन केले आणि प्रावरणाचा जवळजवळ सलग नमुना वर आणला. त्यात पायरॉक्सीन अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले. म्हणजे तिथून पुष्कळ द्रव निघून गेला होता. आपल्या बाजूला गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, जी १९६६ पासून काम करते आहे, कार्ल्सबर्ग आणि मध्य हिंदी महासागराच्या रांगांवरचे खडक अभ्यासते, आणि तिथेही सर्पेंटाइन झालेले प्रावरण मिळालेले आहे. या रांगा मंद आहेत. कार्ल्सबर्गचे दोन्ही काठ वर्षाला दोनतीन सेंटीमीटरनेच दुरावतात. मंद रांगांवरच प्रावरण समुद्रतळापर्यंत उघडे पडते, कारण तिथे शिलारस कमी आणि भ्रंश मोठे असतात. म्हणून हा अभ्यास भारतातून करायला हिंदी महासागरासारखी जागा नाही.

उरलेल्या खडकापासून सुरुवात करायची म्हणून पुस्तकाची रचना उलट्या क्रमाने केली आहे. लाव्हा शेवटी येतो. पहिली तीन प्रकरणे ऑलिव्हीन, पायरॉक्सीन आणि स्पिनेल यांची आहेत, कारण हे तीन कण ओळखता आले नाहीत तर ड्युनाइट आणि हार्झबर्गाइट ही नुसती नावे राहतात. रसायनशास्त्राची समीकरणे मजकुरात न घेता परिशिष्टात दिली आहेत. बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या वाचकाला मजकूर समजावा असा प्रयत्न केला आहे. ओमान आणि अंदमानचे नकाशे चौथ्या प्रकरणाला जोडले आहेत, क्रोमाइटच्या गाठींची रेखाटने पाचव्याला. पाचवे प्रकरण वाचताना ती रेखाटने समोर उघडी ठेवावीत.